लेकुरवाळी घोडी आणि थंडीची झूल

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा खानदेशात थंडीने जोर धरलेला असतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे तर काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला आहे. अशा दिवसांत अंगावर पिणारे शिंगरू असलेल्या घोडीच्या पाठीवर झूल टाकावी, असे मालकास वाटणे स्वाभाविक आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे शिंगरू दगावणे म्हणजे मेंढ्यांमागे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या धनगराचे किंवा घोड्यावर पोट असणाऱ्या कुटुंबाचे वर्षच वाया जाणे होय. झूल घोडीला ऊब देते, हे खरे. परंतु तिचेच बंद शिंगराच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

झूल आवश्यक आहे काय?

निरोगी, अंगाने भरलेली आणि थंडीला सरावलेली घोडी आपली ऊब आपणच राखते. हिवाळ्यात तिची लव दाट होते. शिवाय वैरण पचताना आतड्यात उष्णता निर्माण होते. म्हणून थंडीच्या रात्री मुबलक वैरण, वाऱ्याला आडोसा व कोरडी जागा या तीन गोष्टी झुलीपेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. पाजणारी घोडी दररोज आपल्या वजनाच्या सुमारे ३ टक्के दूध देते. हा भार चारा व चंदी यांतूनच भरून निघावा लागतो. झुलीने तो भरून निघत नाही.

मात्र घोडी वयस्क, आजारी किंवा खंगलेली असेल, लव कातरलेली असेल, अथवा आडोसा नसताना पाऊस-वाऱ्यात उभी राहणार असेल, तर झूल उपयोगी पडते. घोडी कुडकुडत असेल, तर तिला मदतीची गरज आहे असे निश्चित समजावे. केवळ कान गार लागले, म्हणून घाई करू नये.

धोका कोठे असतो?

जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिंगरू तासातून अनेक वेळा पिते. प्रत्येक वेळी ते आईच्या पोटाखालून मान घालून, मांडीजवळ तोंड नेऊन कास शोधते. पोटाखालचा सैल पट्टा आणि मागील मांड्यांतून घेतलेले बंद नेमके याच वाटेवर येतात. त्यांत शिंगराची मान किंवा पाय अडकला, की ते धडपडते, घोडी बिथरते आणि क्षणार्धात हाड मोडण्याचा प्रसंग ओढवतो. झुलीचा घोळ कासेवर लोंबत असेल, तर कोवळ्या शिंगरास सड सापडत नाहीत व ते उपाशी राहते. लोंबती टोके चघळण्याची खोडही शिंगरांना असते.

झूल कशी असावी?

पाजणाऱ्या घोडीची झूल आखूड व अंगाबरोबर बसणारी असावी. तिची लांबी शेपटीच्या मुळापर्यंत पुरे. बाजू पोटाखाली उतरू नयेत. मांड्यांतून जाणारे बंद काढून टाकावेत. छातीवर एक बंद व कोपरांच्या मागे, कासेपासून दूर, एक रुंद पट्टा असावा. या पट्ट्याखाली हाताचा तळवा सपाट सरकावा. परंतु शिंगराचे खूर शिरण्याइतकी फट राहू नये. गोणपाटाची झूल घरी शिवत असल्यास सुती पट्टा वापरावा आणि एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारावी. गाठीची टोके आत खोचावीत.

घालण्याची रीत

घोडी व्याली, की पहिले काही दिवस शक्यतो झूल घालू नये. शिंगराने साधारण १ तासात उभे राहावे व २ तासांत चीक प्यावा. या काळात आईचा गंध व कास यांच्या आड काही येता कामा नये.

पुढे झूल घालावयाची ती दिवसाउजेडी, दोन माणसांनी. ती प्रथम दोघांनाही हुंगू द्यावी. घडी केलेली झूल मानेच्या मुळाशी ठेवून लवेच्या दिशेने मागे पसरावी. आधी छातीचा बंद, मग पट्टा आवळावा. काढताना उलट क्रम ठेवावा. शिंगरू निर्धास्तपणे पिऊ लागले, याची खात्री झाल्याखेरीज तेथून हलू नये. रात्री देखरेख ठेवता येत नसेल, तर झूल न घालता आडोसा व वैरण वाढवणेच श्रेयस्कर.

झूल दररोज काढून खरारा करावा. त्याच वेळी खांद्यावरील घासलेली जागा, कास व अंगाची भरण पाहावी. झुलीखाली हात घातल्यावर घाम लागला, तर ती ताबडतोब उतरवावी. भिजलेली झूल ऊब देण्याऐवजी ऊब शोषून घेते. ती अंगावर ठेवू नये. शिंगरास मात्र स्वतंत्र झूल पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय घालू नये. ते झपाट्याने वाढते व आज सैल असलेला बंद थोड्याच दिवसांत काचू लागतो.

गावपातळीवर

जत्रेच्या आवारात व मेंढपाळांच्या नेहमीच्या तळांवर वाऱ्याच्या बाजूस कुडाचा आडोसा आणि कोरडी जागा उपलब्ध करून देणे पंचायतींना फारसे अवघड नाही. ज्यांच्या घरी घोडी आहे, अशा विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ही माहिती दिल्यास ती सहज घरोघर पोहोचेल. शिंगरू सुस्त दिसले, पिण्याचे थांबले किंवा घोडीची कास दुधाने तटलेली आढळली, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. तटलेली कास म्हणजे शिंगरू उपाशी असल्याची पहिली खूण होय, एवढे जरी गावागावांत माहीत झाले, तरी अनेक शिंगरे वाचतील.