नळी जाते मुंबईला, मुलगा नाही

जुन्या जालन्यातल्या एखाद्या घरात सहा वर्षांचा मुलगा जमिनीवरून कसा उठतो ते बघा. आधी पालथा होतो, हात टेकून कंबर वर करतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच पायांवर चढत उभा राहतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. आजी म्हणते, "अंगानं चांगलाय, पण आळशी मेला." डॉक्टर याला गॉवर्सची खूण म्हणतात. या वयाच्या मुलग्यात ती दिसली की पहिला संशय ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला होणारा हा आजार. जनुकीय तपासणीनं त्याचं नेमकं निदान होतं, पण त्या तपासणीबद्दल कानावर येतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

"लिव्हरला सूज आहे." सुरुवात बहुधा इथूनच होते. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात आणि लिव्हरच्या गोळ्या सुरू होतात. पण हे दोन्ही घटक स्नायूंतूनही रक्तात उतरतात. अशा वेळी सीपीके ही साधी, स्वस्त तपासणी आधी करावी. ड्यूशेनमध्ये तिचा आकडा हजारांत जातो. लिव्हरच्या नावाखाली मुलाचं वर्ष वाया जातं, याचा मला खरंच राग येतो.

"पोराला घेऊन मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागेल." प्रवास रक्ताला करायचा असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-चार मिली रक्त जालन्यातही काढता येतं, आणि त्यातला डीएनए काही दिवस टिकतो. सोबत सीपीकेचा कागद आणि घरात आणखी कुणाला असा त्रास होता त्याची नोंद हवी. पुढे सल्ल्यासाठी जावं लागलंच, तर देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडे जाते. मुंबईचं केईएम हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे, आणि हैदराबादचं निम्स जनुकीय आजारांसाठीचं निदान केंद्र. जालन्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. निदान 'कोणती तपासणी आधी' एवढं तरी आता इथे विचारता यायला हवं.

कारण खरा घोळ तिथेच आहे. "रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे आजार नाही" असं समजून लोक घरी जातात. ड्यूशेनचा दोष ज्यात असतो ते डिस्ट्रोफिन हे माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांचं. एमएलपीए ही तपासणी गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे पकडते, आणि साधारण चारांतल्या तिघांचा दोष त्यातच सापडतो. चौथ्याचा दोष एखाद्या अक्षराचा असतो. त्याला अक्षरन् अक्षर वाचणारं सिक्वेन्सिंगच लागतं. चेहरा आणि खांद्यांच्या स्नायूंची डिस्ट्रॉफी किंवा मायोटॉनिक डिस्ट्रॉफी असेल, तर अनेक जनुकं एकत्र तपासणाऱ्या नेहमीच्या पॅनेलमध्येही ती निसटू शकते. त्यांची तपासणी वेगळी.

एक तुकडा गळाला म्हणजे काय, हे मी असं समजावतो. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. 'मदन सरळ परत' यातला 'सरळ' गाळला तर 'मदन परत' उरतं, अर्थ लागतो. नुसता 'म' गाळला तर 'दनस रळप रत'. पहिल्या प्रकारात बहुधा बेकर नावाचा सौम्य आजार होतो, दुसऱ्यात ड्यूशेन. ४५ ते ४७ हे तुकडे गेले तर वाचन जुळतं, ४५ ते ५० गेले तर बिघडतं. म्हणून या दोन मुलांचं पुढचं आयुष्य फार वेगळं असू शकतं, दिसायला फरक तीन तुकड्यांचाच असला तरी.

"सुनेच्या माहेरचंच आहे हे." दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून बोट आईकडे जातं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवतो. आईच्या रक्तात तो नसतोच. तरीही तिच्या काही बीजांडांत असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणात सल्ला घ्यावाच. मावशीचं, बहिणीचं सीपीके नॉर्मल आलं तरी त्या वाहक नाहीत असं ठरत नाही. आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या लिंब-गर्डल प्रकारातले बहुतेक आजार आई-वडील दोघांकडून येतात. ते मुलींनाही होतात. मामेबहिणीशी लग्नाची रीत आहे तिथे ही शक्यता वाढते.

"गर्भाची तपासणी बेकायदा आहे." लिंग सांगणं बेकायदा आहे. १९९४चा गर्भलिंगनिदानाचा कायदा जनुकीय आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला मुभा देतो. मात्र घरातला नेमका दोष आधी माहीत हवा, आणि तो मुलाच्या रक्तातूनच कळतो.

"औषधच नाही, मग कशाला?" आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही, हे खरं. पण स्टेरॉइडनं चालणं दोन-तीन वर्षं लांबतं, आणि हृदय-श्वासाची देखरेख वेळेवर सुरू होते. ४५ ते ५० गेलेल्यांसाठी, वाचन पुन्हा जुळावं म्हणून ५१वा तुकडा वगळणारं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. ते महाग आहे, फायद्याबद्दल वादही आहे, पण रिपोर्टशिवाय मुलगा त्या रांगेतही उभा राहत नाही. २०१६च्याच आपल्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे; प्रमाणपत्राच्या वेळी हा रिपोर्ट जोडावा.

धाकट्या बहिणीची वाहक तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिला विचारून करायची असते. तोवर भावाचा रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. तिच्या डॉक्टरला पहिला तोच लागेल.