पतसंस्थेचा व्यवस्थापक घडवताना

पतसंस्था ही सभासदांनी आपल्याच बचतीतून एकमेकांना कर्ज देण्यासाठी स्थापन केलेली सहकारी संस्था होय. तिचे धोरण सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ ठरवत असले, तरी कर्जाचा अर्ज वाचणे, रोकड सांभाळणे आणि वसुलीला जाणे ही कामे व्यवस्थापकाच्या हातून होतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत असा व्यवस्थापक तयार करायचा, तर शहरी पतसंस्थेसाठी आखलेला अभ्यासक्रम पुरेसा पडत नाही, कारण येथे एकाच तालुक्यात पैशाच्या दोन चाली आहेत. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांच्या पट्ट्यातून लोकलने कामाला जाणारा नोकरदार आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार यांच्या घरी दरमहा पगार येतो. याउलट ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी यांच्या पाड्यांवर पावसाच्या पाण्यावरचे एकच भातपीक निघते, आणि ते संपत आले की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच पोटात गेलेली असते आणि पुढचा हंगाम ती फेडण्यातच संपतो.

या दुसऱ्या चालीला मासिक हप्त्याचे कर्ज मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घरात धान्य नसताना पडलेला हप्ता चुकणारच, आणि चुकलेला हप्ता थकबाकीत, म्हणजे मुदत उलटूनही न आलेल्या रकमेत, मोजला जाऊन माणूस कागदोपत्री बुडवा ठरतो. प्रत्यक्षात भात विकल्यावर किंवा भट्टीचा हिशेब झाल्यावर तोच माणूस फेडू शकला असता. म्हणून येथील व्यवस्थापकाने कीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्याइतकेच तालुक्याचे हंगाम शिकायला हवेत. कोणत्या पाड्यात पैसा कधी येतो आणि कधी आटतो याची माहिती गोळा करून त्यानुसार परतफेडीच्या तारखा बांधणे हे त्याचे पहिले कौशल्य मानले पाहिजे. पावसाळ्यातील लहान कर्ज वेळेवर मिळाले, तर उचल घेण्याची गरज काही प्रमाणात तरी कमी होते, आणि पतसंस्थेचे येथील सर्वांत मोठे काम हेच आहे.

तारणाचा प्रश्नही येथे निराळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही, आणि हे संरक्षण अत्यंत आवश्यक आहे. त्यामुळे जमिनीच्या लिलावाचा धाक दाखवून वसुली करण्याची सवय लागलेला व्यवस्थापक येथे निरुपयोगी ठरतो. त्याला जामीनदारांची पत, बचत गटातील महिलांची एकमेकींसाठीची हमी आणि सभासदाचे बचतीतील सातत्य पाहूनच कर्ज ठरवावे लागते, आणि ही पारख वर्गात बसून येत नाही.

सावकारीला गावातूनच पर्याय उभा करण्याचा विचार या डोंगरपट्ट्याला नवा नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल यांनी शेजारच्या कर्जत भागात शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्यकोठी चालवली होती. पुढे शासनाने पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज, म्हणजे खाण्यापुरते कर्ज, देण्याची योजना राबवली. परंतु ही कर्जे वेळोवेळी माफ होत गेली, आणि 2020 साली तर योजनेचे रूप पूर्णपणे बदलून कुटुंबाला 4,000 रुपयांचे अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, देण्याचे ठरले. संकटकाळी अनुदान योग्यच होते. मात्र कर्ज आणि मदत यांतील सीमारेषा इतकी पुसट झाल्यावर त्याच पाड्यावर पतसंस्थेचा पैसा परत करायचा असतो हे समजावण्याचे अवघड काम व्यवस्थापकाच्या वाट्याला येते, आणि त्याची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेत नाही.

दुसरी तयारी संचालकांना नकार देण्याची, कारण त्यांच्या चुकीच्या कर्जांची झळ शेवटी ठेवीदारांना बसते. बँकेतील ठेवींना 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते लागू नाही. जळगाव जिल्ह्यात 2007 च्या सुमारास अनेक पतसंस्था ठेवी परत करू शकल्या नाहीत तेव्हा सामान्य ठेवीदारांचे किती हाल झाले, हे राज्याने पाहिले आहे. कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, पण संचालकाच्या आप्तांना पुरेशा तारणाविना मोठी कर्जे वाटली गेली, तर तो निधी किती काळ पुरणार? अशा वेळी अर्जावर लेखी प्रतिकूल अभिप्राय देण्याचे धैर्य असणारा आणि तसे केल्यावर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांपुढे आपली बाजू मांडता येणारा व्यवस्थापक हाच ठेवीदाराचा खरा आधार असतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2013 साली केलेल्या दुरुस्तीने सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांचे प्रशिक्षण ही संस्थेची जबाबदारी ठरवली. पुण्यात महाराष्ट्र राज्य सहकारी संघ आहे, 1967 साली स्थापन झालेली वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था आहे, आणि सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा अनेक तरुण-तरुणी देतात. या सर्वांतून कायदा आणि हिशेब यांचे चांगले ज्ञान मिळते, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. उणीव आहे ती प्रत्यक्ष पाड्यावरील कामाची. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने भट्ट्यांवरून कुटुंबे परततात त्या मे-जून महिन्यांत एखाद्या अनुभवी व्यवस्थापकाच्या हाताखाली शहापूर किंवा मुरबाड येथे काम करावे, त्या कुटुंबांचा उचलीचा हिशेब त्यांच्यासोबत बसून मांडावा आणि मगच त्याला कर्जमंजुरीच्या कागदांवर सही करू द्यावी, अशी व्यवस्था बसवता येईल. त्यासाठी उमेदवारही शक्यतो याच पाड्यांतले निवडावेत. बचत गटांचे हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणाऱ्या अनेक महिला येथे आहेत, आणि त्यांना व्यवस्थापकपदाचे शिक्षण देताना शुल्क, प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा भार संस्थांनी उचलला, तर या पदासाठी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत.