मूळ कोणतं, नक्कल कोणती?

मागच्या व्याख्यानात आपण मूळ कृती आणि भाषांतर यांविषयी बोललो. आज तोच प्रश्न वेगळ्या अंगणात नेऊ या: १९८०च्या दशकातले घरगुती संगणक आणि त्यांवरचे खेळ. हसू नका, तत्त्वज्ञानाला इथे चांगलं खाद्य आहे.

त्या काळी देशोदेशी वेगवेगळी यंत्रं चालत. एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर नेला की त्याला म्हणायचं पोर्ट. ब्रिटनच्या स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग मावत. त्यामुळे दोन आकृत्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीला लागायचा. १९८४च्या ‘नाइट लोअर’नं यावर तोड काढली. खोली तिरक्या कोनातून, खोलीसकट दाखवायची, पण ती सगळी एकाच रंगात! अडचणीतून शैली जन्मली ती अशी.

आता ॲमस्ट्रॅड बघा. तिथे रंगांचं हे बंधन नव्हतंच. पण दोन्ही यंत्रांचा प्रोसेसर एकच, झेड-८०. मग कंपन्या काय करत? स्पेक्ट्रमचा कोड जवळजवळ जसाच्या तसा उचलत. ॲमस्ट्रॅडवरचा ‘आर-टाइप’ असाच आला, संथ आणि फिका. दुसऱ्याच्या पायात काटा आणि लंगडतोय आपण! कोडशी प्रामाणिक राहणं म्हणजे खेळाशी प्रामाणिक राहणं नव्हे, असं माझं मत आहे.

जपानमधलं उदाहरण याहून मजेदार आहे. १९८७ साली हिदेओ कोजिमा यांनी एमएसएक्स-२ या संगणकासाठी ‘मेटल गिअर’ केला. हवा होता युद्धाचा खेळ. पण पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि फार गोळ्या हलवणं त्या यंत्राला झेपेना. तेव्हा त्यांनी लढाईऐवजी लपणं हाच खेळ केला.

त्याच वर्षी कोजिमांना बाजूला ठेवून फॅमिकॉमसाठी त्याचा पोर्ट निघाला. त्यात सुरुवात बदलली, जंगल आलं, आणि शेवटी जो मेटल गिअर नावाचा रणगाडा नष्ट करायचा, तोच गायब! त्याच्या जागी एक संगणक. म्हणजे वरात निघाली, पण घोड्यावर नवरदेवच नाही.

अमेरिकेत एमएसएक्स रुजलाच नव्हता. तिथल्या मुलांनी पाहिला तो हा पोर्ट. त्यांच्यासाठी मूळ तेच. ‘मूळ’ म्हणजे काळानं आधीचं, की आपल्याला आधी भेटलेलं? मी म्हणेन, ज्यात कुणीतरी त्या यंत्राशी झगडून निर्णय घेतले ते. पण इतिहास माझं ऐकत नाही. १९९० साली पाश्चात्त्य बाजारासाठी या पोर्टचा पुढचा भाग निघाला, तोही कोजिमांशिवाय. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा दुसरा भाग एमएसएक्स-२साठी केला, आणि तो तेव्हा फक्त जपानमध्ये मिळाला.