विश्लेषण : कवितेचा ‘बरोबर’ अर्थ कोण ठरवतो? विद्यार्थ्यांनी चित्र आणि कविता कशी वाचावी?

दहावीला मराठी प्रथम भाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणाचा प्रश्न चार गुणांचा असतो. ८० गुणांच्या हिशेबात हे गुण फार नाहीत. पण पाठ केलेले उत्तर जसेच्या तसे उतरवून काढण्याचा मोह याच प्रश्नाला सर्वात जास्त होतो. ‘कवीला नेमके काय म्हणायचे आहे’ हे गाइडला किंवा क्लासच्या सरांनाच ठाऊक असते, असे अनेक मुलांना वाटते. काहींना त्याच्या अगदी उलट वाटते : कविताच ती, ज्याला जो वाटेल तो अर्थ! या दोन टोकांच्या मध्ये अर्थ लावण्याची एक रीत आहे आणि ती शिकता येते. ती नेमकी काय आहे?

रसग्रहणात काय विचारले जाते?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत २०१९ पासून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगडच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय नवी मुंबईत, वाशीला आहे. कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पद्य विभाग १६ गुणांचा असतो आणि त्यातले चार गुण रसग्रहणाचे. दिलेल्या ओळींचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी उत्तर लिहायचे असते.

सोप्या भाषेत हे तीन प्रश्न आहेत. कविता काय सांगते? ते सांगताना कोणते चित्र, कोणती भावना उभी करते? आणि त्यासाठी कोणते शब्द, कोणती रचना वापरते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाइडमध्ये बहुतेक वेळा बरे मिळते. तिसऱ्याचे उत्तर मात्र समोरच्या ओळींकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही. ‘भाषा सोपी, ओघवती व लयबद्ध आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेला लावता येते. म्हणूनच त्यातून एकाही कवितेबद्दल काही कळत नाही.

शब्दांच्या पलीकडचा अर्थ येतो कुठून?

मराठी व्याकरणात शब्दशक्ती शिकवतात, त्यात याचे उत्तर आहे. शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा जवळचा अर्थ घ्यायला लावणारी लक्षणा : ‘बाबा ताटावर बसले’ म्हणजे जेवायला बसले. आणि सरळ अर्थ कायम ठेवून आणखी काही सुचवणारी व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात असे सूचित होणारे अर्थ म्हणजेच काव्याचा आत्मा असल्याचे मांडले.

पुढे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’मध्ये एक गाजलेले उदाहरण आले. ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य. ते गुराख्याने ऐकले तर गुरे घराकडे वळवायची वेळ झाली. मजुराने ऐकले तर काम थांबवायची, भाविकाने ऐकले तर संध्येला बसायची. हेच वाक्य आज वाशीच्या सागर विहारला कुणी म्हटले, तर फिरायला आलेली आई मुलांना ‘चला आता’ म्हणेल आणि भेळवाला गाडीवरचा दिवा लावेल. वाक्य तेच आहे. अर्थ बदलला तो बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग बदलल्यामुळे.

यातून विद्यार्थ्याने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, अनेक अर्थ निघणे ही कवितेची चूक नाही. दोन, प्रत्येक अर्थाला कारण आहे. ‘सूर्य मावळला’चा अर्थ ‘मला भूक लागली’ असा कुणी केला, तर त्याला तसा प्रसंग दाखवावा लागेल.

चित्र वाचण्याची रीत वेगळी असते का?

फार वेगळी नसते. नवी मुंबईत तर सरावासाठी भिंतीच आहेत. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहरातल्या असंख्य भिंती रंगल्या आणि त्यांवर पुन्हा पुन्हा दिसतो तो गुलाबी फ्लेमिंगो. महापालिकेनेही ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी शहराची ओळख मांडली. शाळेच्या वाटेवर असे चित्र रोज दिसत असेल, तर त्याचा अर्थ काय?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हौसन यांनी चित्र पाहायला शिकवण्याची एक पद्धत बसवली. त्यात शिक्षक तीनच प्रश्न विचारतात. या चित्रात काय चालले आहे? असे तुला कशावरून वाटते? आणखी काय दिसते? पद्धतीचा कणा आहे तो मधला प्रश्न. ‘आनंदी वाटते’ हे उत्तर पुरत नाही. कोणत्या रेषेमुळे, कोणत्या रंगामुळे, ते बोट ठेवून दाखवायचे.

भिंतीवरच्या फ्लेमिंगोला हेच प्रश्न विचारून पाहा. पक्षी थव्यात आहे की एकटा? पायाखाली पाणी आहे की नुसता रंग? मागे खाडी आहे की उंच इमारती? चित्राबाहेरची माहितीही इथे कामाला येते. फ्लेमिंगोचे पिल्लू राखाडी असते. गुलाबी रंग त्याला खाद्यातून मिळतो. पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांतील रंगद्रव्ये पिसांत उतरतात. म्हणजे भिंतीवरचा तो गुलाबी रंग मुळात खाडीच्या चिखलातून आलेला आहे. एवढे कळले की चित्रात पाणथळ जागा काढली आहे की वगळली आहे, या प्रश्नाला वजन येते.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बंद झाल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली आणि फ्लेमिंगोंचे मृत्यूही चर्चेत आले. ज्याला हे माहीत आहे त्याला तेच चित्र शहराचा अभिमान न वाटता आठवण करून देणारी पाटी वाटू शकते. दोन्ही वाचने शक्य आहेत. अट एकच : चित्रातली खूण दाखवा.

एका कवितेचे अनेक अर्थ खरोखर टिकतात?

मराठीतले सर्वात चर्चिले गेलेले उदाहरण बा. सी. मर्ढेकरांचे. पिंपात मेलेल्या उंदरांवरची त्यांची १९४० च्या दशकातली कविता कुणी यंत्रयुगातल्या शहरी माणसाची कविता म्हणून वाचली, कुणी महायुद्धाच्या छायेतल्या निरर्थक मरणाची म्हणून, तर कुणी जगण्याच्या सक्तीची म्हणून. या कवितेवर दशकानुदशके लिहिले गेले आणि वाद अजून मिटलेला नाही. तरी ही कविता निसर्गवर्णनाची आहे, असे म्हणणारा समीक्षक सापडत नाही. अर्थ अनेक असले तरी शब्द त्यांना कुंपण घालतात.

याच कवीवर न्यायालयात जायची वेळ आली होती. ‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. कवितेतला एक शब्द उचलून त्यावरून निवाडा करायचा की पूर्ण कविता वाचायची, हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही, तो असा. मर्ढेकर स्वतः सौंदर्यशास्त्राचे अभ्यासकही होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेचा सविस्तर शोध घेणाऱ्या विजया राजाध्यक्ष यांच्या समीक्षाग्रंथालाही १९९३ मध्ये हाच पुरस्कार मिळाला.

मग कोणताही अर्थ चालेल का?

नाही. याचा अनुभव केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स यांनी घेतला. १९२० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता दिल्या आणि मते लिहून मागवली. नामवंत कवींच्या कविता अनेकांनी मोडीत काढल्या, सामान्य कवितांना डोक्यावर घेतले. ही उत्तरे तपासून रिचर्ड्स यांनी १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात वाचनातल्या दहा अडचणी मांडल्या. त्यातली पहिलीच अडचण होती ओळींचा साधा, सरळ अर्थच न लागण्याची. इतर अडचणींतल्या दोन आपल्याही वर्गात रोज दिसतात. एक म्हणजे साचेबंद प्रतिसाद : कवितेत आई आली की त्याग, पाऊस आला की आनंद. दुसरी म्हणजे स्वतःचीच आठवण कवितेवर लादणे. गावची विहीर आठवली म्हणून कविता त्या विहिरीची होत नाही. आठवण सुरुवातीला उपयोगी पडते, पण तिला पुन्हा शब्दांपाशी यावे लागते.

प्रत्यक्ष ओळींवर हे कसे करायचे?

या लेखापुरत्या रचलेल्या दोन ओळी घेऊ :

खाडीच्या अंगणात काचेचे मजले उभे राहिले,
भरतीचे पाणी अजून जुन्याच वाटेने घरी येते.

पहिली पायरी, सरळ अर्थ : खाडीकाठी इमारती झाल्या, भरतीला पाणी तिथे येते. हे एका वाक्यात लिहा. ते जमले नाही तर पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी, खटकणारे शब्द. खाडीला ‘अंगण’ कसे? पाणी ‘घरी’ कसे येते? अंगण आणि घर हे माणसाचे शब्द पाण्याला दिले आहेत. हा चेतनगुणोक्ती अलंकार. ‘काचेचे’ या शब्दात चकचकीतपणा आहे तसाच ठिसूळपणाही. ‘अजून’ आणि ‘जुन्याच’ या शब्दांमुळे पाणी नवे आलेले नाही, मजले नवे आहेत, हे कळते.

तिसरी पायरी, सुचवलेला अर्थ. टॉवरमध्ये राहणारी, पावसाळ्यात तुंबलेला रस्ता पाहिलेली मुलगी लिहील : निसर्गाची वाट अडवली तरी तो ती विसरत नाही. गावठाणात वाढलेला मुलगा वेगळे लिहील. सिडकोची स्थापना १९७० ची आणि हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर वसवले गेले, हे त्याने घरी ऐकलेले असते. त्याला ‘जुन्या वाटेने घरी’ येणाऱ्या पाण्यात मूळ रहिवासी दिसतील. दोघांच्याही वाचनाला ओळीत आधार आहे, दोघांनाही गुण मिळायला हवेत. फक्त दुसऱ्याने ‘घरी’ आणि ‘जुन्याच’ या शब्दांवर बोट ठेवून आपला अर्थ पटवून द्यायला हवा. ‘कवीने सागराचे मनोहारी वर्णन केले आहे’ हे उत्तर मात्र टिकत नाही. मनोहारी असे कुठे दिसले, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

गाइड आणि एआयचे काय?

आज कवितेच्या पानाचा फोटो टाकला की मोबाइलवर काही सेकंदांत रसग्रहण मिळते. गाइडसारखाच त्याचाही उपयोग आहे. अनोळखी शब्द, कवीचा काळ, अलंकाराचे नाव तिथून समजून घ्यावे. पण क्रम महत्त्वाचा. आधी कविता दोनदा मोठ्याने वाचा, स्वतःची तीन वाक्ये लिहा आणि मगच तयार उत्तर उघडा. त्यातल्या प्रत्येक विधानाला चित्रासाठी विचारलेलाच प्रश्न विचारा : असे कशावरून? ज्या विधानाला ओळीत आधार सापडणार नाही, ते खोडा.

शिक्षकांसाठीही यात एक काम आहे. गाइडपेक्षा वेगळे पण ओळीला धरून लिहिलेले उत्तर चुकीचे ठरले, तर तो विद्यार्थी पुढच्या वेळी पाठांतराकडेच वळतो. आणि ही सवय मराठीच्या पेपरपुरती राहत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो, निवडणुकीचे पोस्टर, फ्लॅटची जाहिरात यांचा अर्थही ही मुले तशीच लावतात, कुणीतरी सांगितला म्हणून. ‘कशावरून?’ हे विचारण्याचा सराव चार गुणांच्या प्रश्नात झाला, तर तो तिथेही उपयोगी पडेल.