उमराहच्या वाटेवर जेराश

उमराहला जोडून जॉर्डनचे चार-पाच दिवस घेणारी कुटुंबे आता आपल्याकडे कमी नाहीत. टूरवाल्यांचे कार्यक्रम बहुतेक एकाच साच्याचे असतात: अस्हाबे कहफची गुहा, मूताच्या शहीद सहाबांच्या कबरी, मृत समुद्र, जमले तर पेत्रा. अम्मानच्या उत्तरेला ५० किलोमीटरच्या आत असलेले जेराश कधी यादीत असते, कधी नसते. आमच्या हाती आलेल्या यादीत ते नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले, "पडके खांब आहेत हो, लोक कंटाळतात." दिवाळीच्या सुट्टीत निघायचे आम्ही घरात ठरवतो आहोत. अम्मी, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. गेला महिनाभर दस्तरखानावर वाद चालू आहे तो या एका दिवसाचा.

अम्मींचे म्हणणे सरळ आहे. "बेटा, जुने बुतखाने बघायला एवढा पैसा कशाला? तोच दिवस हजरत अबू उबैदांच्या जियारतीला द्या." पैसा तीन वर्षे थोडा थोडा बाजूला टाकलेला आहे. अम्मींचे गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील याचा भरवसा नाही. म्हणजे हा दिवस चुकला तर तो आमच्याही हातून गेला आणि त्यांच्याही.

आमची बाजू अशी. रोमन म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे इटली येते. पण जेराश, म्हणजे त्या काळचे गेरासा, रोमनांच्या ज्या प्रांतात होते त्याचे नावच ‘अरबिया’. इ.स. १०६ मध्ये सम्राट ट्राजनने तो प्रांत केला आणि राजधानी होती बुसरा. सीरतच्या पुस्तकांत हजरत मुहम्मद (स.) यांच्या लहानपणीच्या शामच्या सफरीत ज्या बुसराचे नाव येते, तेच हे. बुसरापासून अकबाच्या आखातापर्यंत ट्राजनने रस्ता बांधला. पुढे इ.स. ६१४ च्या सुमारास इराणी फौजा या मुलखात शिरल्या. सूरह रूमच्या सुरुवातीला रूमच्या ज्या पराभवाचा उल्लेख आहे, तो याच युद्धातला. मुलीने हे ऐकले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे ते रूमी लोक हेच?" हेच, फक्त त्यांची राजधानी तोवर कुस्तुनतुनियाला गेली होती आणि ते ख्रिस्ती झाले होते. जेराशमध्ये देवळांबरोबर चर्चचे अवशेषही आहेत ते त्यामुळे.

आणि एक मशीदही आहे. इ.स. ६३५ च्या सुमारास शहर मुसलमानांकडे आले, पण ते उजाड झाले नाही. २००२ पासून डॅनिश आणि जॉर्डनी संशोधकांनी केलेल्या उत्खननात मुख्य रस्ता आणि आडवा रस्ता मिळतो त्या चौकालगत उमय्या काळातील मोठी मशीद सापडली. ८व्या शतकातली, जुन्या हमामखान्याच्या जागेवर उभारलेली. उत्तरेकडच्या नाट्यगृहात त्या काळी कुंभारांच्या भट्ट्या होत्या. मग १८ जानेवारी ७४९ चा भूकंप झाला आणि बरेच काही कोसळले. आज जे खांब उभे दिसतात त्यांतले अनेक गेल्या शतकात पुन्हा उभे केलेले आहेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. शहराचा पूर्वेकडचा भाग, जिथे सामान्य माणसे राहत, आजच्या वस्तीखाली गेला आहे. ती वस्ती १८७८ मध्ये रशियाकडून परागंदा झालेल्या चर्कसी मुसलमानांनी वसवली. अम्मी इथवर आल्या आणि म्हणाल्या, "हे आधी सांगायचे ना." पण अबू उबैदा (रजि.) यांचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. सोडायलाही नको.

तेव्हा नकाशा काढला आणि वाद निम्मा तिथेच मिटला. जेराशच्या पश्चिमेला डोंगरावर अजलून आहे. तिथे सलाहुद्दीन अय्यूबी यांचे सरदार इज्जुद्दीन उसामा यांनी ११८४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे. तिथून रस्ता उर्दुन नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि खोऱ्यातून दक्षिणेला आले की देर अल्ला. अमवासच्या ताऊनमध्ये हिजरी १८ साली इंतकाल झालेल्या अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांची मजार याच भागात. म्हणजे सकाळी जेराश, दुपारी अजलून बाहेरूनच पाहून खाली उतरणे, जियारत आणि संध्याकाळी अम्मान. टूरची बस हे करणार नाही. दिवसभरासाठी गाडी वेगळी करावी लागेल आणि हिवाळ्याच्या तोंडावर दिवस लहान म्हणून सकाळी लवकर निघावे लागेल. जोहर-असर सफरमध्ये जमा करण्याबाबत मात्र घरोघरी मसलक वेगळा. आपल्या आलिमसाहेबांना विचारूनच वेळापत्रक आखा.

आता हिशेब, कारण यातच बहुतेक लोक फसतात. जॉर्डनचा दीनार शंभर रुपयांच्या वर जातो. एका माणसाची व्हिसा फी ४० दीनार, जेराशचे तिकीट १०, पेत्राचे एका दिवसाचे ५०. ‘जॉर्डन पास’ नावाचे एकत्र तिकीट ७० दीनारपासून मिळते. देशात येण्यापूर्वी घेतले आणि किमान ३ रात्री मुक्काम केला तर व्हिसा फी माफ होते. पेत्राला जाणार असाल तर १०० च्या जागी ७०, फायदाच. पण फक्त जेराश पाहायचे असेल तर व्हिसा आणि तिकीट मिळून ५० होतात. तिथे पास घेणे म्हणजे माणशी २० दीनार जास्त घालणे. एजंट हे आपणहून सांगत नाही. दर बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी पुन्हा पाहा, आणि आपल्या पासपोर्टला व्हिसामाफी लागू होते का ते लेखी मागा. त्या भागातली परिस्थिती अचानक बिघडते, विमाने रद्द होतात. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच तिकीट आम्ही घेणार आहोत, थोडे महाग पडले तरी.

खरा प्रश्न चालण्याचा. इ.स. १२९-१३० मध्ये सम्राट हेड्रियनच्या भेटीसाठी बांधलेल्या कमानीपाशी आत शिरले की पुढे शर्यतीचे मैदान, मग दक्षिण दरवाजा, मग खांबांनी वेढलेला लंबगोल चौक. त्यापुढे सुमारे ८०० मीटरचा सरळ रस्ता, दगडी फरशीचा, गाड्यांच्या चाकांचे चर अजून दिसणारा. सावली फार थोडी आणि फरशी उंचसखल. अम्मींसाठी आम्ही लंबगोल चौकापर्यंतच बेत ठेवला आहे. तिथे दिसते तेवढ्यातच शहराचा अंदाज येतो. आमच्यापैकी एकजण त्यांच्याबरोबर बसेल, दुसरा मुलांना घेऊन पुढे मशिदीपर्यंत आणि वर आर्टेमिसच्या देवळापर्यंत जाईल. त्या देवळाचे ११ खांब भूकंपातही उभे राहिले. एका खांबाच्या बुडाशी चमचा खोचला की वाऱ्याने खांब किंचित डोलतो तेव्हा चमचाही हलतो, हे वाटाडे दाखवतात. मुलाने जेराशला होकार दिला तो या चमच्यापायी! उन्हाळ्यात हा बेत जमणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल बरे. शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी बससेवा कमी असते. चपला नकोत, बूट हवेत. पाणी आणि खजूर जवळ असू द्या.

जाण्याआधी एका रविवारी मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात नेणार आहोत. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमनांच्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. रोमन माल कोकणच्या बंदरांतून घाट चढून आपल्यापर्यंत येत होता, हे इथेच कळले तर तिकडचा रस्ता त्यांना परका वाटणार नाही.

चौकात अम्मींसोबत कोण बसणार, हे अजून ठरायचे आहे. मुलगी म्हणते, दादी एकट्या बसणारच नाहीत, मशिदीपर्यंत येतील. अम्मींनी त्यावर अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. फक्त काल गुडघ्याचा पट्टा नवा आणायला सांगितला आहे.