निसर्गसंपत्तीची विद्या

विद्यापीठांत निसर्गसंपत्तीच्या संरक्षणाचा अभ्यास म्हटला, कीं वृक्षांचीं नांवें पाठ करणारा विद्यार्थी डोळ्यांपुढें येतो. या विद्येची खरी व्याप्ति यवतमाळ जिल्ह्यांतील दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल.

टिपेश्वर अभयारण्य सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें. तेथें जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं रेडिओ-पट्टा बांधला. पुढें तो शेतें, ओढे व रस्ते ओलांडीत सुमारें ३,००० किलोमीटर फिरला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. यावरून असें दिसतें, कीं नकाशावरील अरण्याची सीमा ही वन्य पशूची सीमा नव्हे. दोन अरण्यांमधील ओढ्याकाठची झाडीहि तितकीच मोलाची असते.

दुसरें उदाहरण दुःखद आहे. राळेगांव-पांढरकवडा भागांतील १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका 'अवनी' वाघिणीवर ठेवण्यांत आला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजीं ती गोळीनें मारली गेली. मागें तिचीं दोन बछडीं उरलीं. तिच्या भयानें गुराख्याचें रान सुटलें नव्हतें, कारण गुरांना चारा हवाच होता.

म्हणून या शाखेच्या विद्यार्थ्यानें प्राणिशास्त्राबरोबर माती, पाणी, चारा व सरपण यांचा हिशेब शिकला पाहिजे. २००६ चा वनहक्क कायदाहि त्यास ठाऊक हवा. गांवच्या गुरांची सोय झाल्यावांचून रानांतील वाघ सुरक्षित राहणार नाहीं, आणि गुराखीहि नाहीं.