खासगी दवाखान्याचा नफा सरकारी दवाखान्यात ठरतो

2021 च्या एप्रिलमध्ये वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद शिजवायचे काम चालू होते आणि गावोगाव माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती : स्कोअर किती आला? छातीच्या सीटी स्कॅनवरून संसर्ग फुप्फुसात किती पसरला हे पंचवीसपैकी आकड्यात सांगायचे, तो हा स्कोअर. आकडा लहान आला तर गोळ्या घेऊन घरी. वाढला की गाडी करून नांदेड. शिजलेली हळद अजून खळ्यावर वाळत पडलेली. तिचे पॉलिश व्हायचे, ती मोंढ्यात जायची, पट्टी हातात पडायची. आणि दवाखान्याचे डिपॉझिट मात्र त्याच संध्याकाळी भरायचे. मधली रक्कम कुणी पाहुण्यांकडून आणली, कुणी आडत्याकडून उचल घेतली, कुणी सोने गहाण टाकले.

कोविडच्या त्या दोन वर्षांबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात. एकीत डॉक्टर देव होते, दुसरीत लुटारू. दोन्हींना पुरावे आहेत, म्हणून दोन्ही टिकून आहेत. पण साथीत खासगी दवाखान्यांनी पैसा का कमावला, काहींनी का गमावला आणि त्याचा सरकारच्या आरोग्य खर्चाशी काय संबंध, याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधून सापडत नाही. ते दवाखान्याच्या जमाखर्चात सापडते आणि जिल्ह्याच्या नकाशात सापडते.

नकाशा आधी पाहू. परभणी जिल्ह्यातून 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके, 2011 च्या जनगणनेत 11,77,345 लोकसंख्या, त्यातली फार मोठी बहुसंख्या खेड्यात. जिल्हा झाला, जिल्हाधिकारी कार्यालय झाले, सामान्य रुग्णालय झाले. वैद्यकीय महाविद्यालय मात्र पंचवीस वर्षे नव्हते. त्यामुळे दुखणे थोडे अवघड झाले की चिठ्ठीवर 'रेफर' लिहिले जायचे. पैसे असतील तर नांदेडची डॉक्टर लेन, नसतील तर विष्णुपुरीचे सरकारी रुग्णालय, तेही जमले नाही तर संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. कुणी परभणी गाठले, कुणी अकोला. हिंगोलीच्या आजाराचा पैसा हिंगोलीत फारसा थांबत नाही, ही गोष्ट कोविडच्या कितीतरी आधीची आहे.

आता जमाखर्च. समजा, तालुक्याच्या गावी वीस खाटांचा दवाखाना आहे. नवरा फिजिशियन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, इमारतीवर बँकेचे कर्ज. हप्ता, पगार, वीज, यंत्रांची देखभाल असा महिन्याचा बांधील खर्च आठ लाख धरू. खाटा भरलेल्या असोत की रिकाम्या, हे आठ लाख जाणारच. म्हणून दवाखान्याचा नफा एका पेशंटला किती बिल लावले यावर जितका ठरतो, त्याहून जास्त महिन्यात किती खाटा भरल्या यावर ठरतो. या धंद्याचे मूळ गणित एवढेच आहे, आणि साथ पहिला घाव याच गणितावर घालते.

पहिल्या लाटेत हा घाव उलटा बसला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ओपीडी ओस पडल्या. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, सांध्याची, गर्भाशयाची ऑपरेशने पुढे ढकलली गेली. लहान दवाखान्याचा हप्ता याच कामांवर निघतो. हिंगोलीत त्या उन्हाळ्यात मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान मोठ्या संख्येने बाधित निघाले. त्यांना सांभाळले सरकारी यंत्रणेने. मोठ्या कंपन्यांनाही त्या तिमाहीने रडवले. अपोलो हॉस्पिटल्सला एप्रिल ते जून 2020 मध्ये दोनशे कोटींहून अधिक तोटा झाला, नारायणा हेल्थला सुमारे 120 कोटींचा. साथ म्हणजे दवाखान्यांची चांदी, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही तिमाही आठवावी.

मग वारे फिरले. नारायणाने 2021-22 या वर्षात सुमारे 342 कोटी नफा दाखवला, अपोलोने हजार कोटींच्या वर. यात कोविडचे पेशंट होते, लसीकरण होते आणि तुंबून राहिलेली ऑपरेशनेही होती. ज्याच्याकडे पहिला तोटा पचवायला भांडवल होते, त्याला दुसऱ्या वर्षाचे पीक कापता आले. तालुक्याच्या वीस खाटांच्या दवाखान्याकडे असे भांडवल नसते. काहींनी कोविड सेंटर म्हणून परवानगी घेऊन धोका पत्करला, काहींनी दार बंद ठेवले, काही डॉक्टर साथीत गेले.

लसीच्या बाबतीत हा फरक सर्वांत उघडा पडला. 1 मे 2021 पासून केंद्राने उत्पादनातला चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांना खरेदीसाठी मोकळा केला. त्या एका महिन्यात खासगी क्षेत्राने घेतलेल्या सुमारे 1 कोटी 20 लाख डोसांपैकी निम्मे देशातल्या नऊ बड्या रुग्णालय समूहांनी उचलले. उरलेलेही बहुतेक शहरांतच गेले. सेनगावसारख्या गावातल्या डॉक्टरने कंपनीला एकदम मोठी ऑर्डर द्यायची कशी? तिथल्या माणसाला लस मिळाली ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट.

आता दरांकडे येतो, कारण इथे सरकारने खरोखर हात घातला होता. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले : साध्या वॉर्डात दिवसाला 4,000 रुपये, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. हे पाऊल धाडसाचे होते आणि त्याने अनेक घरे वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण वर्षभर ही कमाल मर्यादा वांद्र्याला आणि वसमतला एकच होती. वांद्र्याच्या रुग्णालयाला चार हजारांत जागेचे भाडेही परवडेना म्हणून तिथले चालक ओरडत होते. वसमतला जागा स्वस्त, पगार कमी. आपला वीस खाटांचा दवाखाना या दराने महिनाभर पूर्ण भरला तर नुसत्या वॉर्डाचे 24 लाख होतात. ऑक्सिजन, पीपीई किट, जादा पगारावर कशाबशा मिळालेल्या नर्सेस हे सगळे वजा केले तरी आठ लाखांचा बांधील खर्च सहज निघून वर उरतेच. गावांच्या आकाराप्रमाणे अ, ब, क गट करून लहान गावांसाठी 2,400, 4,500 आणि 5,400 असे दर ठरले ते 1 जून 2021 पासून. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. ही शहाणीव वर्षभर आधी आली असती तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे किती कर्ज वाचले असते, याचा विचार मनातून जात नाही.

शिवाय खाटेचा दर बांधला तरी बिल बांधले जात नव्हते. पीपीई, सीटी स्कॅन, कोविडची चाचणी, मेरोपेनेम, टोसिलिझुमॅबसारखी महाग औषधे दरपत्रकाबाहेर होती. सीटीचे दर सप्टेंबर 2020 मध्ये यंत्राच्या क्षमतेप्रमाणे 2,000 ते 3,000 असे वेगळे बांधावे लागले. ज्या रकान्यावर मर्यादा नाही त्या रकान्यात बिल वाढणार, हे कुठल्याही व्यापाऱ्याने सांगितले असते. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले, काही ठिकाणी पैसे परतही मिळाले. पण ज्या बाईचा नवरा गेला आणि जिच्या हातात मेडिकलच्या कच्च्या पावत्यांचा गठ्ठा उरला, ती जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार घेऊन जाणार कधी? कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती आणि जन आरोग्य अभियान यांनी अशा बिलांचा प्रश्न नंतर चिकाटीने लावून धरला, हे त्यांचे मोठे काम आहे.

पण दर बांधण्याची वेळ का आली? माणूस चार हजारांची खाट घ्यायला तयार होतो, कारण त्याला फुकटची खाट मिळत नाही, किंवा मिळाली तरी तिथे आपला माणूस वाचेल असा भरवसा नसतो. खासगी दवाखान्याच्या दराला खरी वेसण सरकारी वॉर्डातली चालू स्थितीतली खाट घालते, अधिसूचना तिच्यानंतर. याचे उदाहरण नंदुरबार. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले. दुसऱ्या लाटेत राज्यभर सिलिंडरसाठी धावाधाव चालू असताना त्या आदिवासी जिल्ह्यात सरकारी खाटेला ऑक्सिजन होता. ज्या जिल्ह्यांत नव्हता, तिथे खासगी खाटेची किंमत काय झाली ते आपण पाहिले.

यंत्र आले म्हणजे खर्च झाला असेही नाही. पीएम केअर्स निधीतून औरंगाबादच्या (आजच्या संभाजीनगरच्या) घाटी रुग्णालयाला आलेल्या 150 व्हेंटिलेटरांचा हिशेब मे 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. 17 घाटीत वापरायला घेतले, 55 मराठवाड्यातल्या इतर जिल्हा रुग्णालयांना दिले, 41 खासगी रुग्णालयांना दिले, 37 खोक्यातून काढलेच नव्हते. जे काढले ते 113 सदोष असल्याचा अहवाल न्यायालयापुढे होता. सार्वजनिक पैशाचे यंत्र खासगी वॉर्डात का गेले? कारण ते चालवणारा माणूस सरकारी वॉर्डात पुरेसा नव्हता. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, प्रशिक्षित नर्स ही पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवली की यंत्रसुद्धा खासगीच्या दारात जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारने आरोग्यावर जास्त खर्च केला की खासगी दवाखाने बुडतात, हे अर्धेच खरे आहे. खर्च कशावर होतो त्यावर ते ठरते. वॉर्ड, औषधे, पगार यांवर झाला तर खासगीचे काही पेशंट कमी होतात. विमा योजनेवर झाला तर तोच पैसा खासगीच्या खात्यात जमा होतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते; हिंगोलीला ती पुढच्या वर्षी राज्यभर विस्तारल्यावर मिळाली. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. मे 2020 मध्ये ती राज्यातल्या सर्वांना खुली झाली आणि आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. ती गरिबाला आधार आहे यात शंका नाही. पण योजनेचा पैसा जिथे शस्त्रक्रियागृह, आयसीयू आणि कागदपत्रे भरणारा माणूस आहे तिथेच पोचतो. म्हणजे पुन्हा नांदेड. सेनगावच्या पेशंटच्या नावे निघालेला सरकारी रुपया नांदेडच्या रुग्णालयाची खाट भरतो आणि तिथला ताळेबंद सुधारतो. रेफर करण्यामागच्या कमिशनला लोक 'कट' म्हणतात. तो रोखण्यासाठी 2017 मध्ये राज्याने कायद्याचा मसुदा केला होता, त्याचा कायदा झाला नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या फेरीत ग्रामीण भारतात, बाळंतपणे वगळता, एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 4,290 रुपये होता, खासगीत 27,347. ही सहापटीहून मोठी दरी साथीच्या आधीची आहे. केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी आरोग्य खर्च 2021-22 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्के झाला, तो साथीमुळे वाढून. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचे वचन दिले होते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करायला सांगितले. महाराष्ट्र पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

सरकारी सेवा अपुरी पडली की लोक खासगीकडे वळतात, हे इंग्लंडसारख्या देशातही घडले. मार्च 2020 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने खासगी रुग्णालयांच्या जवळजवळ साऱ्या खाटा खर्चाच्या भावाने ताब्यात घेतल्या. नंतर सरकारी उपचारांची प्रतीक्षायादी फुगत 2023 मध्ये 77 लाखांच्या पुढे गेली आणि गुडघा, डोळा, हर्निया यांसाठी खिशातून पैसे भरणारे वाढले. खासगीने काही वेगळे केले नव्हते. सरकारी रांग लांबली, एवढेच.

आपल्याकडची रांग 2023 मध्ये नांदेडला दिसली. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर या चोवीस तासांत 24 जण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे आणि शेवटच्या घटकेला बाहेरून आलेले पेशंट अशी कारणे पुढे आली. त्यानंतर हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि पाटील यांच्यावर गुन्हा दाखल झाला. एका डॉक्टरच्या हातात झाडू देऊन रिकामी पदे भरत नाहीत. हिंगोली, परभणी, वाशीमपासून तेलंगणापर्यंतचा भार एका रुग्णालयावर टाकणारी धोरणे मुंबईत ठरली होती.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोलीचे होते. शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून 2030 च्या सुमारास बाहेर पडेल. तिथे प्राध्यापक नेमले गेले, रक्तपेढी आणि आयसीयू चोवीस तास चालले, तर हिंगोलीतल्या खासगी डॉक्टरांचेही भलेच होईल. आज अवघड पेशंट नांदेडला पाठवताना त्या उपचाराचे उत्पन्न त्यांच्या हातात उरत नाही. शहरात भक्कम सरकारी आधार असेल तर त्यांनाही जोखमीचे काम इथेच करता येईल. कमी होईल तो अडलेल्या माणसाकडून मिळणारा नफा, आणि तो कमी व्हायलाच हवा.

तोवर करण्यासारखेही बरेच आहे. 2021 च्या खासगी शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे, त्याची तपासणी आजही करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामान्य रुग्णालयातून दर महिन्याला किती जण रेफर झाले, कोणत्या कारणाने, कोणते पद रिकामे असल्यामुळे, याचा तक्ता जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावा. समितीकडे निधी असतो. 2021 मध्ये जिल्हा वार्षिक योजनेतला 30 टक्के पैसा कोविडसाठी वापरायची मुभा राज्याने दिली होती. भूलतज्ज्ञाच्या कंत्राटी मानधनासाठी तेवढा लागणारही नाही.